जुन्या जीपचा सौदा : माल ओळखा, ऐब सांगा

कापडाचा जाणता व्यापारी थानाची वरची घडी पाहून भाव ठरवीत नाही. तो थान उलगडतो, उजेडात धरतो, उलटी बाजू पाहतो. जुनी जीप घेणाऱ्यानेही हाच धडा गिरवावयास हवा. आज अनेक तरुण जुन्या फोर व्हील गाड्या घेऊन, त्या दुरुस्त करून जवळ ठेवतात किंवा विकतात. शौक वाईट नाही, धंदाही वाईट नाही. मात्र या बाजारात रंगाखाली बरेच काही झाकले जाते. म्हणून आजच्या लेखात या सौद्याची ओळख करून घेऊ.

जीप कोठून आली?

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यासाठी १९४१ ते १९४५ या काळात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार केल्या. विलिसच्या गाडीला ‘एमबी’ आणि फोर्डच्या गाडीला ‘जीपीडब्ल्यू’ म्हणतात. युद्ध संपल्यावर आपल्या देशात राहिलेल्या काही जीपा डिस्पोजलमध्ये लोकांच्या हाती आल्या.

१९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही पेढी पोलादाच्या व्यापारासाठी काढली. फाळणीनंतर गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ साली पेढीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. याच पेढीने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. पुढे उंच बोनेटची ‘सीजे-३बी’ जीप आपल्याकडे अनेक दशके बनत राहिली. गावोगावी दिसणारी जुनी जीप बहुधा हीच असते. तिच्या जोडीला जबलपूरच्या लष्करी कारखान्यातील निस्सान जोंगा आणि १९८५ सालापासूनची मारुती जिप्सी यांनाही आता शौकीन शोधत असतात.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी एका दलालामार्फत आम्ही १९४४ ची युद्धातील विलिस म्हणून एक जीप घेतली. हिरवा लष्करी रंग, बोनेटवर पांढरा तारा, पुढे नऊ फटींची जाळी. आम्ही इसार दिला आणि आठ दिवसांत पूर्ण रक्कमही मोजली. मिस्त्रीने रंग खरवडला तेव्हा मागच्या पत्र्यात फळक्याचे सांधे वेल्डिंगने बुजविलेले निघाले. बाजूला पेट्रोल भरण्याचे भोक पुट्टीने झाकलेले होते. युद्धातील जीपला मागे उघडणारा फळका नसतो आणि तिची टाकी चालकाच्या आसनाखाली असून तेथूनच भरली जाते. आमच्या हाती आली होती ती युद्धानंतरची नागरी जीप. जाळी तेवढी बदललेली होती.

माल कसा ओळखावा?

१. युद्धातील जीपच्या जाळीला नऊ फटी असतात, नागरी सीजेला सात. पण जाळी बदलता येते, म्हणून एवढ्यावर विश्वास ठेवू नये.

२. रेडिएटरखालची चासीची आडवी दांडी पाहावी. विलिस एमबीची दांडी गोल नळीची, तर फोर्डची उलट्या पन्हाळीसारखी असते. फोर्डच्या बोल्टांवर व सुट्या भागांवर इंग्रजी ‘एफ’ उमटविलेला आढळतो.

३. आरसी बुकावरील इंजिन नंबर व चासी नंबर गाडीवर स्वतः वाचावेत. नंबराभोवती पत्रा घासलेला किंवा वेल्डिंग केलेला दिसला तर सौदा तेथेच थांबवावा. चोरीची गाडी अजाणतेपणी घेतली तरी ती आपली होत नाही.

४. लोहचुंबक सोबत न्यावा. तो जेथे धरत नाही तेथे पत्रा नसून पुट्टी आहे. चासीवर, विशेषतः पाट्यांच्या आधारांजवळ आणि स्टिअरिंग बॉक्सजवळ, हातोडीने ठोकून पाहावे. कोकणातील खाऱ्या हवेतील गाडी असेल तर दुप्पट काळजी घ्यावी.

५. जीप म्हणजे चारही चाकांना ताकद, असे गृहीत धरू नये. टू व्हील जीपाही विकल्या गेल्या आहेत, आणि काहींचे पुढचे सामान मालकांनी काढून टाकलेले असते. मऊ मातीत फोर व्हील लावून पुढची चाके ओढतात का ते पाहावे. डांबरी रस्त्यावर ही परीक्षा घेऊ नये, गिअरवर ताण येतो.

दुरुस्तीचा क्रम

नवखा माणूस आधी रंग लावतो. रंग शेवटी लावावा. गाडी खोलण्यापूर्वी फोटो काढावेत, प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधावी. मग चासी, पाटे आणि ॲक्सल, त्यानंतर ब्रेक, वायरिंग, इंजिन आणि बॉडी, असा क्रम ठेवावा. जुना मूळ भाग दुरुस्त होण्यासारखा असेल तर तो फेकू नये. संग्राहकाच्या नजरेत नव्या चकचकीत भागापेक्षा जुन्या अस्सल भागाची किंमत अधिक असते.

कायदा काय सांगतो?

२०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदविता येते. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये आणि फेरनोंदणीची ५,००० रुपये ठेवली गेली. अशी गाडी रॅली, प्रदर्शन अशा कामांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी किंवा भाड्याने नव्हे. आपल्याकडील पुष्कळ जीपांत पेट्रोल इंजिन काढून डिझेल बसविलेले आहे. अशा गाडीला ‘मूळ स्वरूप’ म्हणणे अवघड, आणि इंजिनबदलाची नोंद आरसीवर नसेल तर अडचण आणखी मोठी. घेण्यापूर्वीच आरटीओत चौकशी करावी.

विकताना

आमच्या त्या जीपला दोन वर्षांनी गिऱ्हाईक आले. तेही तिला युद्धातील जीपच समजत होते, आणि आम्ही मोजलेली पूर्ण किंमत देण्यास तयार होते. आम्ही गप्प बसलो असतो तर नुकसान भरून निघाले असते. घरात तसा सल्लाही मिळाला. पण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतला ओलावा पकडला होता, ती घटना आठवली. तो व्यापारी वरचे कोरडे धान्य दाखवीत होता आणि आम्ही वरचा हिरवा रंग दाखविणार होतो. फरक काय राहिला? आम्ही गिऱ्हाइकाला बुजविलेले सांधे दाखविले आणि पावतीवर ‘नागरी जीप, जाळी बदललेली’ असे लिहून दिले. किंमत बरीच उतरली. तो तोटा आमच्या वहीत आजही तोटाच आहे. पण तो आमच्याकडेच थांबला, दुसऱ्याच्या घरी गेला नाही.

फिकहमध्ये ‘खियारे-ऐब’ म्हणून एक हक्क आहे. लपलेला दोष नंतर उघड झाल्यास गिऱ्हाइकाला माल परत करता येतो. दोष आधीच लिहून दिला तर वादाला जागा राहत नाही.

जकातीचाही हिशेब ठेवावा. स्वतःच्या वापरासाठी ठेवलेल्या गाडीवर जकात नाही. विकून नफा कमविण्याच्या नीयतीने घेतलेली गाडी मात्र तिजारतीचा माल ठरते. निसाब पूर्ण असेल तर वर्षअखेरीस तिच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात निघते. गाडी घेतानाच नीयत पक्की करावी, आणि शंका असल्यास आलिमांना विचारावे.

जीप घेताना तिच्याखाली शिरून पाहावे. विकताना गिऱ्हाइकालाही तेथे घेऊन जावे.