जुन्या कॅरॅव्हॅनच्या छतावरचा एसी बदलताय? आधी छतावर चढा

या आठवड्याच्या व्हिडिओचं हे लेखी टिपण. व्हिडिओत आकडे भराभर निघून जातात, म्हणून इथे ते सावकाश मांडतोय. वही-पेन घेऊन बसा.

विषय असा. तारकर्ली, देवबाग, आचरा, वेंगुर्ला या पट्ट्यात नवीन काही सुरू करायचं म्हणून बरेच जण जुनी कॅरॅव्हॅन शोधतात. गाडीमागे ओढून न्यायची, आत दोन-चार माणसं झोपतील अशी चाकांवरची खोली. माडाच्या वाडीत उभी करायची आणि रात्रीच्या भाड्याने द्यायची. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केलं, त्यात कॅरॅव्हॅन आणि ती उभी करायचे पार्क असा दोन्हींचा विचार आहे. तेव्हापासून ही चौकशी वाढली. (चाकं आहेत म्हणजे परवानगी लागत नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ग्रामपंचायत, सीआरझेड, पर्यटन संचालनालयाची नोंदणी हे सगळं आधी विचारून घ्या. त्यावर वेगळा व्हिडिओ करू.)

आता विकणारा काय म्हणतो? "गाडी एकदम ओके आहे, फक्त छतावरचा एसी बदलायचा आहे." या "फक्त"ची किंमत आज काढायची आहे.

छतावरचा एसी म्हणजे एकाच पेटीत सगळं. कॉम्प्रेसर, दोन्ही कॉइल आणि पंखा छताच्या वर, आणि आतून दिसते ती फक्त हवा सोडणारी जाळी. पेटीचं वजन ३५ ते ४५ किलो. ती छतातल्या चौकोनी भोकावर बसते आणि मध्ये स्पंजासारखी जाड गॅस्केट असते. आतून चार लांब बोल्ट आवळले की गॅस्केट दाबली जाते आणि पाणी अडतं. म्हणजे एवढं वजन आणि अख्ख्या पावसाळ्याचं पाणी, दोन्ही त्या भोकाच्या चार कडांवर. सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, हे वेगळं सांगायला नको.

म्हणून गाडी बघायला गेलात की एसी चालू करून बघण्याआधी शिडी मागा. जुन्या ट्रेलरचं छत बहुतेक वेळा लाकडी सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा असं असतं. वरून पत्रा चकचकीत दिसतो, खाली लाकूड कुजलेलं असतं. एसीच्या भोवती छत बशीसारखं खाली गेलंय का बघा. गेलं असेल तर तिथे पाणी साचतं, साचलेलं पाणी गॅस्केटखालून आत शिरतं, लाकूड आणखी मऊ होतं आणि बशी आणखी खोल होते. मग आत या. जाळी काढायला सांगा, भोकाच्या कडेच्या लाकडात स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टेकवा. लोण्यात गेल्यासारखं गेलं तर तुमचा खर्च एसीचा नाही, सुताराचा आहे. प्लायवूड काळं पडलंय, कुबट वास येतोय, कोपऱ्यात तपकिरी ओघळ आहेत, हे सगळे पुरावे. विकणारा जाळी उघडू देत नसेल तर भाव तिथेच थांबवा.

छत ठीक आहे असं धरू. मग भोक मोजा. अमेरिकी पद्धतीच्या ट्रेलरमध्ये ते १४ बाय १४ इंच असतं, कारण मुळात तो हवेचा झरोका होता आणि एसी बनवणाऱ्यांनी तेच माप धरलं. युरोपातून आलेल्या गाड्यांमध्ये ४०० बाय ४०० मिलिमीटर सापडतं. फरक दीड-दोन इंचांचा वाटतो, पण तेवढ्यासाठी नवीन लाकडी चौकट करावी लागते. छताची जाडीही मोजा, बोल्टची लांबी त्यावर ठरते. शिवाय बसतं म्हणून मोठा एसी घेऊ नका. छतावरचे एसी साधारण १३,५०० बीटीयूचे असतात, म्हणजे आपल्या भाषेत १.१ टन. छोट्या कॅरॅव्हॅनला तेवढा पुष्कळ होतो. आपल्याकडे उकाड्यापेक्षा दमटपणाचा त्रास जास्त. गरजेपेक्षा मोठा एसी पाच मिनिटांत गार करतो आणि बंद पडतो, हवेतला ओलावा मात्र तसाच राहतो. पाहुणा म्हणतो, गार आहे पण चादर ओली लागते.

विजेकडे या, कारण खरा धोका इथे आहे. जुन्या अमेरिकी गाडीतला एसी ११५ व्होल्ट आणि ६० हर्ट्झचा असतो. आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवता येतात, हर्ट्झ बदलत नाहीत. मोटर हळू फिरते आणि जास्त तापते. तेव्हा नवीन युनिटच्या पाटीवर २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असं लिहिलेलं स्वतः वाचा. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे बरेच एसी नेमके इथे फसवतात.

दुसरं म्हणजे वायर. कॅरॅव्हॅन समुद्राकडे आणि मीटर घराजवळ, मध्ये ४० मीटर अंतर. इलेक्ट्रिशियन सवयीने अडीच एमएमची वायर ओढतो. चालू असताना एसी सहा-सात अँपिअर घेतो, तेव्हा काही कळत नाही. पण कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर कितीतरी जास्त ओढतो. तो आकडा ३० अँपिअर धरला तर ४० मीटरच्या अडीच एमएम वायरीत जवळजवळ १८ व्होल्ट वाटेतच गळतात. सहा एमएममध्ये तीच गळती सात-साडेसात व्होल्टवर येते. मे महिन्यात संध्याकाळी सगळ्या हॉटेलांचे एसी लागले आणि तुमच्याकडे १९० व्होल्ट उरले, तर एसीपाशी १७२ पोचणार. कॉम्प्रेसर नुसता घुमणार, सुरू होणार नाही. लोक समजतात नवीन एसी खराब निघाला. खराब वायरीचा हिशोब असतो.

तिसरं, अर्थिंग. इथे पैसे वाचवायचे नाहीत. धातूची गाडी, रबराची चाकं आणि समुद्रातून ओला आलेला अनवाणी पाहुणा. वायरीचं इन्सुलेशन कुठे तुटलं तर गाडीचा पत्रा जिवंत होतो आणि पायरीवर पाय ठेवून दाराची कडी धरणारा माणूस त्या विजेला जमिनीची वाट करून देतो. स्वतंत्र अर्थिंग खड्डा, गाडीच्या चासीला जोडलेली अर्थ वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हे हवंच. किनाऱ्यावरची वरची कोरडी वाळू अर्थिंगला कुचकामी, खाली ओल लागेपर्यंत खणायला लावा. आरसीसीबीचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा स्वतः दाबा.

"बॅटरीवर चालवू" म्हणणाऱ्यांसाठी एक ओळ: २०० एएचची १२ व्होल्टची साधी बॅटरी निम्मी वापरली तर सव्वा युनिट देते, एसी तासाला दीड युनिटच्या आसपास घेतो. तास भरायच्या आधीच पंखा शोधावा लागेल.

आता धंद्याचा प्रश्न. गाडी फिरणार आहे की उभीच राहणार आहे? फिरणार असेल तर छतावरचाच एसी घ्या. त्यातले गॅसचे जोड कारखान्यात झाळलेले असतात, रस्त्याचे हादरे सोसतात. पण तुमची कॅरॅव्हॅन वाडीत वर्षभर एका जागी उभी राहणार असेल, तर माझं स्पष्ट मत आहे: भोक नीट बंद करा आणि एक टनाचा इन्व्हर्टर स्प्लिट लावा. सुरू होताना तो झटका देत नाही, सुटे भाग कुडाळ-कणकवलीत मिळतात आणि दुरुस्तीला माणूस त्याच दिवशी येतो. छतावरच्या युनिटचा एक सर्किट बोर्ड मागवायला आठवडे गेले तर मे महिना संपलेला असतो. दिसायला छतावरचा ऐटबाज दिसतो हे मान्य. पाहुणा फोटो दाराचा काढतो, छताचा नाही.

आकडे मांडू. हे फक्त उदाहरण आहे, तुमचे दर तुम्ही विचारून घाला. समजा छतावरचं युनिट १,१०,०००, छताचं लाकूडकाम ४०,०००, वायर-अर्थिंग-आरसीसीबी २५,०००, मजुरी आणि वाहतूक १५,०००. एकूण १,९०,०००. सगळा खर्च जाऊन रात्रीला १,८०० रुपये हातात राहत असतील तर १०६ रात्री भराव्या लागतील. स्प्लिटच्या वाटेने समजा ४०,००० एसी, १०,००० भोक बंद करायला, लाकूडकाम आणि वीज तेवढीच, मजुरी १०,०००. म्हणजे १,२५,००० आणि ७० रात्री.

पण थांबा, इथे बहुतेक जण चुकीचा भागाकार करतात. डिसेंबर-जानेवारीत पाहुणा एसी नसतानाही आला असता, रात्री पंख्यावर भागतं. त्या रात्रींची अख्खी कमाई एसीच्या नावावर टाकता येत नाही, फक्त एसीमुळे जे जास्त भाडं मिळालं तेवढीच टाका. मार्च अखेर ते मे आणि ऑक्टोबर हे मात्र पूर्ण एसीचे, कारण त्या उन्हात पत्र्याच्या डब्यात एसीशिवाय कुणी राहणार नाही. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने हातात असले तरी भरलेल्या रात्री म्हणजे शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ आणि मे. कॅलेंडरवर पेनने खुणा करा. मग कळेल की १०६ रात्री म्हणजे एक सीझन की दोन. हा आकडा काढून मगच गाडीच्या भावाला बसा आणि छताचा खर्च विकणाऱ्याच्या किमतीतून वजा मागा.

काम कधी काढायचं? जून ते ऑगस्ट पाहुणे नसतात म्हणून मोह होतो, पण छताला भोक उघडं ठेवून मिरगाचा पाऊस अंगावर घ्यायचा नाही. गणपती झाले, पाऊस ओसरला की काढा, घटस्थापनेपर्यंत संपवा. लाकूड बदललं असेल तर ते पूर्ण वाळू द्या. ओल्या लाकडावर पत्रा ठोकला की तीच कूज परत सुरू.

बसवताना स्वतः उभे राहा. मुख्य वीज बंद, कपॅसिटर रिकामा केलेला, जुन्या जोडणीचे मोबाइलवर फोटो. परांची बांधून वर दोघं, खाली दोघं, कारण ४० किलोची पेटी पत्र्यावरून ओढली की पत्रा फाटतो. जुनी गॅस्केट पूर्ण खरवडून काढायची. नवीन गॅस्केट कोरडीच बसवायची. "जरा सिलिकॉन मारतो, पाणी येणार नाही" असं मिस्त्री म्हणेल, नको म्हणा. गॅस्केट दाबून पाणी अडवते, चिकटवून नाही. शिवाय पेटीच्या तळाला घामाचं पाणी जायला भोकं असतात, ती सिलिकॉनने बुजली की तेच पाणी आतल्या गादीवर येतं. चारही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा, गॅस्केट जवळजवळ निम्मी दबली की थांबा. जास्त आवळलं तर छत खाली खेचलं जातं आणि परत बशी तयार. छतावरचे बाकीचे स्क्रू स्टेनलेस घ्या आणि पत्र्याला टेकतात तिथे नायलॉनचं वायसर घाला. खाऱ्या हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. शेवटी पाइपने अर्धा तास छतावर पाणी सोडा आणि आत टॉर्च घेऊन बसा. पैसे त्यानंतर.

आपल्या वर्गात एसी टेक्निशियन पण आहेत, त्यांच्यासाठी दोन शब्द. कोटेशनमध्ये एसीचं काम आणि छताचं काम वेगळं लिहा. "लाकूड उघडल्यावर जे निघेल ते वेगळ्या दराने, मालकाला दाखवून" ही ओळ नसेल तर तुमचा नफा त्या कुजलेल्या लाकडात जातो. युनिटचे पैसे आधी घ्या, ते तुम्ही परत करू शकणार नाही. आणि फक्त कॅरॅव्हॅनवर दुकान चालवायचं स्वप्न बघू नका, गाड्या अजून मोजक्या आहेत. होमस्टे आणि टेम्पो ट्रॅव्हलर यांची सर्व्हिस चालू ठेवून ही जोड द्या. खाऱ्या वाऱ्याने कॉइलच्या पातळ पट्ट्यांचा भुगा होतो. महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने, कमी दाबाने कॉइल धुण्याचं वार्षिक कंत्राट विका. वर्षाचे बांधील पैसे त्यात आहेत. मालकाला एक फुकट सल्लाही द्या: गाडी माडाखालून बाहेर काढा. वरून नारळ पडला तर एसीचं प्लास्टिकचं झाकण एका फटक्यात जातं, आणि वॉरंटीत नारळ बसत नाही.

उतरवलेला जुना एसी भंगारवाल्याला तसाच देऊ नका. बऱ्याच जुन्या युनिटमध्ये आर-२२ गॅस असतो, ओझोनला घातक म्हणून जगभर तो टप्प्याटप्प्याने बंद होतोय. तो हवेत न सोडता टेक्निशियनकडून सिलिंडरमध्ये काढून घ्या. मग तांब्याची कॉइल आणि कॉम्प्रेसर वेगळे तोलून विका, पेटीच्या उकत्या भावापेक्षा जास्त येतात. पाटीचा फोटो मात्र काढून ठेवा, आणि नवीन युनिटच्या बिलाबरोबर, भोकाच्या मापांबरोबर त्याच फाइलला लावा.