माळ घातल्यावरचा एकलकोंडेपणा

दारू सोडून तुळशीची माळ घातलेला माणूस पुष्कळदा एकटाच दिसतो. कीर्तनाला येतो, पण खांबाआड बसतो. आरती झाली की कोणाशी न बोलता चपला शोधू लागतो. लोक म्हणतात, याला माळेचा ताठा आला. घरची माणसे तर म्हणतात, पीत होता तेव्हा निदान बोलत तरी होता!

वाचकहो, हा ताठा नव्हे. ज्या शरीराला वर्षानुवर्षे दारूनेच सुख मिळत आले, त्याला ती थांबल्यावर कित्येक आठवडे, कोणाला कित्येक महिनेही, कशातच गोडी वाटत नाही. झोप तुटक लागते. नातू मांडीवर येऊन बसला तरी आत काही हलत नाही. मेंदूची घडी पुन्हा बसावयास वेळ लागतो. (फार पिणाऱ्याने एकाएकी सोडल्यास कंप, भ्रम, झटकेसुद्धा येतात, तेव्हा पहिले दिवस डॉक्टरांच्या देखरेखीखालीच काढावेत. नेम देवापुढे घ्यावा, नाडी वैद्याला दाखवावी.) त्यात लाजेची भर पडते. बुडविलेली उसनवारी, केलेली शिवीगाळ, लेकीच्या लग्नात घातलेला गोंधळ, सारे शुद्धीवर आल्यावर आठवते. गुत्त्यावरचे मित्र सोडावेच लागतात. नवे अजून जोडलेले नसतात. मग तो म्हणतो, आपण बरे आणि आपला कोपरा बरा. धोका नेमका तेथेच असतो, कारण त्या कोपऱ्यात जुनी ओळखीची अशी एक बाटलीच उरते.

अमेरिकेतली एक हकीकत ह्या बाबतीत सांगण्याजोगी आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचे न्यूयॉर्कचे गृहस्थ धंद्याच्या कामासाठी ओहायो राज्यातील ॲक्रन गावी आले होते. दारू सोडून पाचेक महिने झालेले. काम फसले, परक्या गावी हॉटेलात एकटेच राहिले. बाजूला दारूचा बार, तेथले हसणेखिदळणे कानावर येत होते. त्या वेळी त्यांना कळले, की आपल्याला आता दुसरा कोणी दारूने पिडलेला माणूसच भेटला पाहिजे. पाद्र्यांना टेलिफोन करीत करीत, शेवटी एका बाईंच्या ओळखीने, त्यांची डॉ. बॉब स्मिथ ह्या शस्त्रवैद्यांशी गाठ पडली. डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि तासन्‌तास बसले. समोरच्याने उपदेश केला नाही, आपलीच फजिती सांगितली, हे त्यातले मर्म. डॉक्टर मध्ये एकदा घसरले. पण १० जून १९३५ नंतर ते प्याले नाहीत. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही मंडळी आपला जन्म त्याच दिवसापासून मोजतात. आपल्याकडेही त्यांच्या मराठी बैठका भरतात. फी नाही, आडनाव कोणी विचारीत नाही. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली काढलेल्या ‘मुक्तांगण’मध्येही व्यसनातून सुटलेली माणसेच नव्यांच्या सोबतीला असतात.

आता आपले काय? आमच्या मते, गावात एखादा पूर्वी सुटलेला माळकरी असेल तर त्यानेच आधी जावे. ‘मीही असाच खांबाआड बसायचो रे बाबा’ एवढे त्याने म्हटले तरी पुरे. बाकीच्यांनी उपदेश आवरावा. चारचौघांत त्याचे कौतुकही फार करू नये, त्यानेही तो दबतो. घरच्यांनी ‘बोलत का नाहीस?’ म्हणून पाठीस लागू नये. शेतावर, बाजाराला बरोबर न्यावे. आणि त्या गृहस्थासही आमचे सांगणे, की बोलावेसे वाटेल तेव्हा बोलू म्हणून थांबू नका. ते वाटणे मागून येते. दिवसातून एका माणसाला एक खरी गोष्ट सांगावी. ‘आज प्यावेसे वाटले’ हीसुद्धा खरी गोष्टच आहे.

भजनात त्याला टाळ द्यावा, ओळीत मधे उभे करावे. वाजविता येत नसेल तर सतरंजी घालण्याचे, पाणी भरण्याचे काम सोपवावे. आणि एखादे दिवशी तो आला नाही, तर दुसऱ्या दिवशी दारावरून जाताना हाक मारावी. का आला नाहीस हे विचारू नये; तुझा टाळ काढून ठेवला आहे, एवढे सांगून पुढे जावे.