घाटावरची नावं, घाटाखालची नावं

प्रश्न : स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली गेलिक नावं वाचली की डोंगर, नदी, झाड सगळं कळतं, असं वाचनात आलं. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या नावांतून असं काही कळतं का? – एक वाचक, चिखली

उत्तर : पुष्कळ कळतं, आणि सुरुवात तुमच्याच गावापासून करता येते. चिखलीच्या नावातच चिखल आहे. स्कॉटलंडमध्ये 'इन्व्हर' म्हणजे नदीचं मुख, म्हणून नेस नदीच्या मुखावरचं शहर इन्व्हरनेस. आपल्याकडे पळसखेड, बोराखेडी, पिंपळगाव ही नावं झाडांवरून पडली. लोणारच्या नावात लवण आहे. सरोवराचं पाणी खारं आहे, आणि लवणासुराच्या कथेनेही तो खारटपणाच जपला आहे. 'ऐन-ए-अकबरी'त लोणारच्या परिसरात काच आणि साबण करण्याचा माल मिळत असल्याची नोंद आहे.

एकाच नावाची गावं वाढली की लोक पुढे खूण जोडतात. देऊळगाव राजा, देऊळगाव मही, देऊळगाव साकर्शा ही तिन्ही आपल्याच जिल्ह्यातली. देऊळगाव आणि सिंदखेड यांच्यापुढचा 'राजा' जाधवरावांची आठवण देतो. खानदेशातल्या जळगावशी घोटाळा नको म्हणून आपलं ते जळगाव जामोद.

जिल्ह्याच्या नावाबद्दल 'भिल्लठाणा', म्हणजे भिल्लांचं ठाणं, ही व्युत्पत्ती रूढ आहे. भिल्ल हा भाग मला पटतो. शेवटच्या तुकड्याबाबत मात्र एक गोष्ट ध्यानात घ्यावी. सातपुड्यात कोरकू लोकांच्या वस्तीला 'ढाणा' म्हणतात आणि मेळघाटात अशा नावांच्या वस्त्या जागोजागी आहेत. सरकारी ठाण्यापेक्षा ही साधी वस्ती मला जवळची वाटते.

गेलिकशी खरं नातं सांगणारी गोष्ट मात्र घाटाखाली, जळगाव जामोद तालुक्यात आहे. जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या भागात निहाली बोलली जाते. बोलणारे तिला काल्टो म्हणतात. कोरकू आणि मराठीतून तिने भरपूर शब्द घेतले, तरी तिच्या गाभ्याचं नातं कोणत्याही ज्ञात भाषाकुळाशी ठामपणे जुळत नाही. डच भाषाशास्त्रज्ञ कायपर यांनी १९६२ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. आज ती बोलणारे दोन-अडीच हजारांच्या आसपास आहेत. शेजारच्या मोठ्या भाषांच्या ओघात घरातली भाषा मुलांपर्यंत पोचेनाशी होते. गेलिकचं तेच झालं आणि निहालीवर आज तीच वेळ आहे. गावांची नावं सातबाऱ्यावर टिकतील. सोनबर्डीतली 'बर्डी', म्हणजे टेकडी, मराठी माणसाला आजही कळते. पण जंगलातल्या नाल्याला, कड्याला, पाणवठ्याला निहाली माणसाने दिलेली नावं कागदावर नाहीत, आणि ती त्या बोलीबरोबरच जातील.

तुमच्या शिवारातलंही असंच आहे. प्रत्येक वावराला, ओढ्याला, बरडाला नाव असतं आणि ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाच ठाऊक असतं. या उन्हाळ्यात त्यांना सोबत घेऊन शिवार फिरा, ते उच्चारतात तसंच प्रत्येक नाव वहीत लिहा आणि ती वही गावच्या शाळेत ठेवा.