सनदी लेखापालाने कामाचे मोल कसे सांगावे



सनदी लेखापालाची पाटी दारावर लागली, तरी दारी आलेल्या व्यापाऱ्याच्या मनात बहुधा एकच शंका असते, ती म्हणजे रिटर्न तर कोणीही भरतो, मग इथे एवढी फी कशाची? या शंकेचा राग मानू नये. डॉक्टरने उतरवलेला ताप दिसतो, वकिलाने जिंकलेला दावा दिसतो. लेखापालाचे काम मात्र जेवढे चोख, तेवढे ते दिसेनासे होते, कारण नोटीस आली नाही आणि दंड बसला नाही यात दाखवण्याजोगे काही उरतच नाही.

त्यातून कायद्याने हातही बांधलेले आहेत. १९४९ च्या सनदी लेखापाल अधिनियमानुसार व्यवसाय-याचना, म्हणजे जाहिरातीने, पत्राने वा अन्य मार्गाने आपण होऊन कामे मागत फिरणे, हे व्यावसायिक गैरवर्तन ठरते. २००६ च्या दुरुस्तीने फर्मची व सेवांची माहिती देणारे निवेदन प्रसिद्ध करण्याची सवलत मिळाली खरी, पण तीही सनदी लेखापालांच्या संस्थेने आखलेल्या मर्यादेत, आणि त्या मर्यादा बदलत असल्याने चालू नियम वाचल्याविना संकेतस्थळावर एक ओळही टाकू नये. नफ्याच्या टक्केवारीवर किंवा कामाच्या निकालावर फी ठरवणेही मोजके अपवाद सोडल्यास निषिद्ध आहे. ‘कर वाचवतो, त्यातले दहा टक्के द्या’ हा बाजारातला सोपा सौदा लेखापालास बंद आहे, आणि तो बंद आहे हेच बरे.

मग मोल सांगायचे कसे? ते गिऱ्हाइकाच्याच रुपयांत सांगावे. तालुक्याच्या गावातील एखादा हार्डवेअरचा दुकानदार घ्यावा. तो १ लाख रुपयांचे पीव्हीसी पाइप घेतो, त्यावर १८ टक्के दराने १८,००० रुपये वस्तू व सेवा कर पुरवठादारास देतो, आणि तोच माल १ लाख १० हजारांना विकून १९,८०० रुपये कर गोळा करतो. खरेदीवर दिलेला कर विक्रीवरील करातून वजा करण्याचा जो हक्क, त्यास इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणतात. तो मिळाला तर दुकानदाराने सरकारात फक्त १,८०० रुपये भरायचे. पण पुरवठादाराने ते बिल आपल्या विवरणात दाखवलेच नाही, तर ते दर महिन्याच्या १४ तारखेस तयार होणाऱ्या ‘टू-बी’ या तक्त्यात उमटत नाही, आणि जानेवारी २०२२ पासून तसे क्रेडिट घेता येत नाही. हे वेळीच कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि आर्थिक वर्ष संपल्यानंतरची ३० नोव्हेंबरची मुदत किंवा त्याआधीच भरलेले वार्षिक विवरण यांमुळे दारही मिटले, तर १०,००० च्या नफ्यापायी १८,००० रुपये पदरचे गेले. हे गणित एका कोऱ्या कागदावर त्याच्यासमोर मांडले, की महिन्याची बिले ताडून पाहण्याची फी कशाची ते त्याला वेगळे सांगावे लागत नाही. (दुकानदाराचे तोंडी गणित लेखापालापेक्षा पक्के असते, म्हणून आकडे फुगवू नयेत.)

काम स्वीकारताना कोणते काम फीमध्ये आहे आणि कोणते नाही, बिले कोणत्या तारखेपर्यंत पोहोचावीत, हे पत्राने कळवावे. बहुतेक कुरबुरी न बोललेल्या अपेक्षांतून उपजतात. फीच्या बिलावरही नुसते ‘अकाउंटिंग चार्जेस’ न लिहिता त्या महिन्यात किती बिले टू-बीत नव्हती, त्यांपैकी किती पाठपुराव्याने आली व किती रुपयांचे क्रेडिट मिळाले, हे दोन ओळींत लिहावे.

मात्र हा एका गिऱ्हाइकाचा कागद दुसऱ्यास नमुना म्हणून दाखवण्याचा मोह होईल, तो आवरावा, कारण संमतीविना अशिलाची माहिती उघड करणे हेही गैरवर्तनच. नवा माणूस आला, तर त्याच्याच गेल्या महिन्याची खरेदीची फाइल मागवून त्याच्यासमोर टू-बीशी ताडावी.