चमच्यावर टिकेल ती डाळ

वाराणसीत ब्रह्माघाटावरच्या मराठी वस्तीत राहणारी मावशी गृहविज्ञानाची निवृत्त शिक्षिका. पुण्याहून आलेल्या भाचीने विषय काढला.

– मावशी, पोषणावरचं भाषण ऐकून कुणी घरचं जेवण बदलतं का गं?

– भाषणाने? नाव नको! इथे तर दिवस कचोरी-जलेबीने उजाडतो. पण अंगणवाडीतलं अन्नप्राशन बघ. कार्यकर्ती दोन वाट्या मांडते. एकीत डाळीचं वरचं पाणी, दुसरीत घोटलेला डाळभात. चमचा तिरका केला की पाणी ओघळतं, डाळभात बसून राहतो. सहा महिन्यांच्या बाळाचं पोट केवढंसं! ते पाण्यानेच भरलं तर अन्न मावणार कुठे? हे डोळ्यांनी पाहिलं की सासवाही माना डोलावतात.

– सासवा कशाला मध्ये?

– बाळाला काय भरवायचं ते बहुतेक घरांत त्याच ठरवतात. एकट्या सुनेला शिकवलं तर ती घरी जाऊन गप्प बसते. बाजार करणारा नवराही यायला हवा. तो येत नाही, ही माझी जुनी तक्रार.

– हे सगळं अलीकडचं ना?

– छे! एकात्मिक बालविकास सेवा योजना १९७५ची. पोषण-आरोग्य शिक्षण तेव्हापासून तिच्यात आहे. २०१८मध्ये पोषण अभियान आलं नि जोर वाढला.

– आणि मोठ्यांचं?

– २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. गोळ्या आहेतच. पण जेवणावर लगेच चहा प्यायला की पालेभाजीतलं लोह अंगी कमी लागतं. म्हणून ‘चहा सोडा’ सांगायचं नाही, कोण सोडतंय? तासभर पुढे ढकला, बथुआच्या भाजीवर लिंबू पिळा, एवढंच.

– म्हणजे बिनपैशाचे बदल.

– सगळे नाहीत गं. दूध, अंडी, फळं फुकट येत नाहीत. महिनाअखेर डाळच संपते तिथे शिकवून काय उपयोग? म्हणून अंगणवाडीतून शिधाही मिळतो, आणि तो घरातले सगळेच खातात! त्यासाठी बाळाची वाटी वेगळी ठेवायला सांगतात. भावंडांच्या ताटात जेवलं तर पोटात किती गेलं, कुणाला कळणार?

– ठेवतात का खरंच वेगळी?

– कार्यकर्ती येणार हे ठाऊक असेल तेव्हा नक्की ठेवतात. म्हणून तर हुशार कार्यकर्ती न सांगता जाते, ऐन जेवणाच्या वेळेला.