गृहीत मूल्ये : झाकलेली की उघडी?

प्रोग्रॅम डेटाबेसशी थेट बोलत नाही. मध्ये ड्रायव्हर नावाचा दुभाषा असतो. केवढा मजकूर एका खेपेस न्यावा, किती वेळ वाट पाहावी, हे आपण सांगितले नाही तर तो काही मूल्ये गृहीत धरतो. वाक्यातील अध्याहृत शब्दासारखीच ही मूल्ये. ती ड्रायव्हरने पोटात ठेवावीत, की नाव देऊन वापरणाऱ्याच्या हाती द्यावीत?

२००९ साली जाहीर झालेल्या ‘गो’ भाषेत नावाचे पहिले अक्षर मोठ्या लिपीतले असेल तरच ते नाव बाहेरच्यांना वापरता येते. तिच्या डेटाबेस-संचात वापरून मोकळ्या झालेल्या २ जोडण्या पुढील कामासाठी राखल्या जातात. हा आकडा ज्या स्थिरांकात आहे, त्याचे नाव लहान अक्षराने सुरू होते. म्हणजे तो झाकलेला. गंमत अशी, की त्याच भाषेच्या एचटीटीपी संचात प्रत्येक सर्व्हरमागे राखायच्या जोडण्याही २ च, पण तेथील स्थिरांक उघडा!

झाकण्याचे कारण माहितीपत्रातच आहे : आकडा पुढे बदलू शकेल. कारण रास्त आहे. परंतु ज्याला मूळ स्थितीवर परत यायचे, त्याने काय करावे? शून्य दिले तर एकही जोडणी राखली जात नाही. तेव्हा तो हाताने २ लिहितो, आणि उद्या मूळ आकडा बदलला तरी त्याचा २ तसाच राहतो.

उघडे केले म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. जावामध्ये अशा स्थिरांकाचे मूल्य कंपाइल करतेवेळी वापरणाऱ्याच्या फाइलीत उतरवले जाते. ग्रंथालय नवे आणले, पण आपला प्रोग्रॅम पुन्हा कंपाइल केला नाही, तर नाव उघडे आणि मूल्य शिळे!

मला ‘गो’साठीच्या मायएसक्यूएल ड्रायव्हरची वाट अधिक पटते. त्यात पाकिटाची कमाल मर्यादा पूर्वी ४ मेगाबाइट होती, पुढे ६४ झाली. स्थिरांक झाकलेलाच आहे; मात्र ‘न्यूकॉन्फिग’ हे फंक्शन सर्व गृहीत मूल्ये भरलेला अर्ज हाती देते. आपण हवा तो रकाना बदलावा. याऐवजी कोरा अर्ज घेतला तर फसगत होते, कारण ‘गो’मध्ये कोरे म्हणजे शून्य किंवा ‘नाही’. मर्यादेच्या रकान्यातील शून्याचा अर्थ ‘प्रत्येक जोडणीच्या वेळी सर्व्हरला विचार’ असा होतो. ‘नेटिव्ह’ पासवर्ड-पद्धतीची परवानगी गृहीत ‘होय’ असते, ती कोऱ्या अर्जात ‘नाही’ होते. मग त्या पद्धतीच्या खात्याला जोडणीच मिळत नाही.

शिवाय भरलेला अर्ज वाचताही येतो. मर्यादा दुप्पट हवी असेल, तर त्या रकान्यातील आकडाच दुप्पट करावा. ६४ हा आकडा आपल्या प्रोग्रॅममध्ये कोठेही लिहावा लागत नाही.