विधिमंडळातील बाबासाहेब : शेतसारा, वतन आणि ग्रामपंचायत

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव घेतले की महाडचे चवदार तळे, नाशिकचे काळाराम मंदिर, पुणे करार, भारतीय राज्यघटना आणि नागपूरची दीक्षाभूमी हे प्रसंग आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. जयंतीच्या व्याख्यानांतूनही आपण हेच ऐकतो. परंतु मुंबई इलाख्याच्या विधिमंडळात त्यांनी सुमारे एक तप जे काम केले, त्याकडे आपले, विशेषतः विद्यार्थ्यांचे, पुरेसे लक्ष गेलेले नाही. शेतसारा, जमिनीचे तुकडे, महार वतन, खोती आणि ग्रामपंचायत हे विषय वरवर रुक्ष वाटतात. पण आपल्या आजोबा-पणजोबांच्या ताटात भाकरी किती पडायची आणि चावडीवर त्यांनी कुठे उभे राहायचे, हे याच विषयांनी ठरत होते.

बाबासाहेबांची नेमणूक १९२६ च्या अखेरीस मुंबई कायदे कौन्सिलवर झाली. ते सरकारनियुक्त सभासद होते, निवडून आलेले नव्हते. तरीही सरकारची भलावण करणे हे आपले काम आहे असे त्यांनी कधीच मानले नाही. हे त्यांच्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात दिसून आले.

शेतसारा : गरिबावरचा कर

२४ फेब्रुवारी १९२७ रोजी अर्थसंकल्पावर बोलताना त्यांनी शेतसारा आणि प्राप्तिकर या दोन करांची तुलना केली. त्यांच्या मांडणीचे सार असे :

प्राप्तिकर ज्याला उत्पन्न झाले त्यालाच भरावा लागतो, शेतसारा मात्र पीक आले काय नि बुडाले काय, भरावाच लागतो. ठरावीक मर्यादेच्या आत उत्पन्न असणाऱ्यास प्राप्तिकर माफ असतो, शेतसाऱ्यात अशी किमान मर्यादाच नाही. प्राप्तिकर ऐपतीप्रमाणे चढत जातो, शेतसाऱ्याचा दर मात्र एक एकरवाल्याला आणि जहागीरदाराला सारखाच.

दुष्काळात सारा तहकूब करण्याची किंवा सूट देण्याची पद्धत तेव्हाही होती. पण ती सरकारची मेहेरबानी होती, शेतकऱ्याचा हक्क नव्हता. कर देण्याची ऐपत पाहूनच कर बसवावा, हे अर्थशास्त्राचे तत्त्व बाबासाहेबांनी शेतकऱ्यासाठी मागितले. ‘द इव्होल्यूशन ऑफ प्रोव्हिन्शियल फायनान्स इन ब्रिटिश इंडिया’ हा त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झालेला होता. त्यामुळे सरकारी तिजोरीत पैसा कुठून येतो आणि कुठे जातो, याची त्यांना खडान्खडा माहिती होती. येथे त्यांनी केवळ अस्पृश्यांची बाजू मांडली नाही. सारा भरणारा कुणबी, माळी, आगरी अशा सर्वच लहान शेतकऱ्यांची ती बाजू होती.

जमिनीचे तुकडे

त्याच वर्षी लहान जमीनधारकांविषयीचे विधेयक कौन्सिलपुढे आले. जमिनीचे फार लहान तुकडे होतात म्हणून शेती तोट्यात जाते, तेव्हा ठरावीक आकाराखाली वाटण्या होऊ देऊ नयेत, असा सरकारचा विचार होता. १० ऑक्टोबर १९२७ रोजी बाबासाहेबांनी या विधेयकाला विरोध केला. शेत लहान की मोठे हे नुसते एकरांवरून ठरत नाही, त्या शेतावर बैल, अवजारे, भांडवल आणि मजूर किती आहेत यावरून ते ठरते, असा त्यांचा मुद्दा होता. विहीर आणि बैलजोडी असलेली तीन एकर बागायत कुटुंब पोसू शकते, तर साधने नसलेली तीस एकर पडीकच राहते, हे आपणही गावोगावी पाहतो. वाटण्या बंद केल्या तर काही भाऊ मालक होतील आणि बाकीचे भूमिहीन मजूर होतील, ही त्यांची भीती होती. त्यावर त्यांनी सहकारी शेतीचा मार्ग सुचविला. शेतीवरचा माणसांचा भार कमी करायचा तर उद्योगधंदे वाढले पाहिजेत, हा विचार तर त्यांनी १९१८ सालच्या आपल्या लेखातच मांडला होता.

महार वतन

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. महार वतनदाराने सरकारी कामासाठी रात्री-अपरात्री हाक येताच धावायचे. साऱ्यासाठी लोकांना चावडीवर बोलवायचे, निरोप पोहोचवायचे, सरकारी रकमेबरोबर चालत जायचे. मोबदल्यात थोडी इनाम जमीन आणि गावकऱ्यांकडून मिळणारे बलुते. म्हणजे काम सरकारचे आणि पोट गावाच्या मर्जीवर! गावाशी वाद झाला की बलुते बंद.

बाबासाहेबांची मागणी साधी होती. ज्याला या चाकरीतून मुक्त व्हायचे असेल त्याला मुक्त होऊ द्यावे, पूर्ण सारा भरून जमीन त्याच्याकडेच राहावी आणि बलुत्याऐवजी रोख रक्कम सरकारने वसूल करून द्यावी. हे विधेयक त्या वेळी मंजूर होऊ शकले नाही. १९२९ साली ते मागे घ्यावे लागले. पण त्यांनी प्रश्न सोडला नाही. १९५८ च्या कायद्याने अखेर कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट झाली. तोपर्यंत बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झालेले होते.

खोतीचेही तसेच. १७ सप्टेंबर १९३७ रोजी त्यांनी कोकणातील खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. त्यात स्पृश्य-अस्पृश्य कुळे खांद्याला खांदा लावून चालली. खोती रद्द करणारा कायदा पुढे १९४९ साली झाला.

ग्रामपंचायत : सत्ता कोणाच्या हाती?

६ ऑक्टोबर १९३२ रोजी ग्रामपंचायत विधेयकावर बाबासाहेब बोलले. पुणे करार २४ सप्टेंबरला झाला, म्हणजे अवघे बारा दिवस लोटले होते. स्थानिक संस्थांच्या निवडणुकीत अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला अपात्र मानू नये, असे त्या करारातही लिहिलेले होते.

सत्तेचे विकेंद्रीकरण करण्यास त्यांचा तत्त्वतः विरोध नव्हता. त्यांचा प्रश्न वेगळा होता : गावाला सत्ता द्यायची म्हणजे गावातल्या कोणाला द्यायची? प्रौढ मताधिकार हवाच, पण तेवढ्याने भागत नाही. प्रत्येक गावात आमची वस्ती मूठभर आहे आणि मताधिकाराने अल्पसंख्य बहुसंख्य होत नाहीत. म्हणून राखीव प्रतिनिधित्व द्या, असा त्यांचा आग्रह होता. पंचायतीला न्यायदानाचे अधिकार देण्यासही त्यांनी विरोध केला. जातीभेदाने ग्रासलेल्या गावात निवडून आलेला पंच निःपक्षपाती न्याय कसा देणार?

हे बोल अनुभवाचे होते. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले करण्याचा ठराव केला, आणि १९२७ च्या सत्याग्रहानंतर ४ ऑगस्ट रोजी तोच ठराव रद्द केला. स्थानिक बहुमत हक्क देऊ शकते तसे काढूनही घेऊ शकते, हे त्यांनी पाहिले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी खेड्यांवर जी कठोर टीका केली, तिचे मूळ येथे आहे. तरीही त्याच महिन्यात ग्रामपंचायतींची सुधारणा-सूचना त्यांनी स्वीकारली आणि ती राज्यघटनेचे कलम ४० झाली.

पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली. अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात आणि स्त्रियांना किमान एक-तृतीयांश जागा पंचायतीत राखीव झाल्या. १९३२ साली जी मागणी एका सभासदाने केली, तिला घटनेचे बळ मिळण्यास साठ वर्षे लागली.

आपण काय घ्यावे?

जागा राखीव झाली म्हणजे काम संपले असे नाही. आपल्या वस्तीतील किती जण ग्रामसभेला जातात? राखीव जागेवर बसलेला आपला माणूस प्रश्न विचारतो, की दुसऱ्याने पुढे केलेल्या कागदावर सही करतो? बाबासाहेब आकडे वाचून, कायद्याचे कलम पाहून उभे राहत, म्हणूनच एकटे असूनही त्यांचे म्हणणे सरकारला ऐकून घ्यावे लागे. पंचायतीचा अंदाजपत्रकाचा कागद मागून घेणे, तो वाचणे आणि सभेत उठून बोलणे, हेही त्यांना केलेले अभिवादनच होय.

अभ्यासवर्गासाठी प्रश्न

१. शेतसारा व प्राप्तिकर यांत बाबासाहेबांनी कोणते भेद दाखविले?
२. वाटण्यांवरील बंदीला त्यांनी विरोध का केला?
३. प्रौढ मताधिकार असूनही राखीव जागांची गरज त्यांना का वाटली?
४. आपल्या गावच्या अथवा नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात आपल्या वस्तीसाठी काय तरतूद आहे, याची माहिती मिळवून वर्गात सांगा.